ड्राइव्हवेला सीलर लावताना या चुका टाळा

न्यू जर्सीत मे महिना उजाडला, की हार्डवेअरच्या दुकानांच्या दारात सीलरच्या, म्हणजे घरासमोरच्या डांबरी ड्राइव्हवेवर फासायच्या काळ्या संरक्षक लेपाच्या, पाच-पाच गॅलनच्या बादल्या रचल्या जातात आणि नुकतेच घर घेतलेली मराठी मित्रमंडळी फोन करून एकच प्रश्न विचारतात, की कोणता ब्रँड घ्यावा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे, कारण मी पाहिलेल्या बिघडलेल्या ड्राइव्हवेंपैकी बहुतेक बादलीचे झाकण उघडण्यापूर्वीच बिघडलेले होते.

उन्हामुळे आणि हवेतील ऑक्सिजनमुळे डांबर हळूहळू कडक व ठिसूळ होते, गाडीतून गळणारे ऑइल आणि पेट्रोल ते विरघळवते, आणि भेगेत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठताना सुमारे ९ टक्के फुगून ती भेग रुंदावते. सीलर यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना बऱ्यापैकी अडवतो. तिसरीसाठी मात्र भेगच भरावी लागते.

जाड थर आणि चुकीचा मुहूर्त

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिकाराने लिहितो. ऑक्टोबरमधील सुट्टीच्या सोमवारी, दुपारी दोन वाजता, तापमान ६२ अंश फॅरनहाइट असल्याचे पाहून मी कामाला लागलो. नाशिकहून आलेले बाबा सोबतीला उभे होते आणि पावसाळ्यापूर्वी गच्चीला डांबर फासण्याचा त्यांचा अनुभव दांडगा असल्यामुळे "जाड घाल, पुन्हा पुन्हा कोण करणार?" असा त्यांचा सल्ला होता. मलाही उरलेली बादली परत न्यायचा कंटाळा आला होता, म्हणून दोन हातांसाठी आणलेला माल मी एकाच हातात ओतून संपवला. रात्री पारा चाळिशीत उतरला, पहाटे दव पडले, आणि शेजारच्या मेपलची पाने त्या चिकट काळ्या पृष्ठभागावर अशी चिकटली, की ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच होती. सकाळी बाबा चपला घालून वर्तमानपत्र आणायला गेले आणि त्याच चपलांनी परत आले. आमच्या फिकट रंगाच्या गालिच्यावरील ते ठसे शेवटी गालिचा बदलला तेव्हाच गेले. चौथ्या दिवशी गाडी आत घेऊन जागच्या जागी चाक वळवले, तेव्हा टायरखाली थराची साल निघाली.

गच्चीवरचे डांबर आणि हा सीलर यांत मूलभूत फरक आहे. हल्ली घरगुती वापरासाठी मिळणारा बहुतेक सीलर पाण्यात मिसळलेला असतो आणि त्यातील पाणी उडून गेल्याशिवाय तो पक्का होत नाही. जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो. म्हणून पातळ असे दोन हात द्यावेत आणि पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. दिवसरात्र तापमान ५० अंशांच्या वर राहील आणि पुढचे किमान २४ तास पाऊस नाही, असे दिसल्यावरच मी बादली उघडतो. सकाळी दव ओसरल्यावर सुरुवात करून दुपारपर्यंत काम संपवतो आणि गाडी दोन दिवस रस्त्यावर ठेवतो. हिरवळीवरचे स्वयंचलित स्प्रिंकलर आदल्या रात्रीच बंद करावेत, हे वेगळे सांगायला नको असे मला पूर्वी वाटत असे.

सीलरलाच दुरुस्ती समजणे

सीलरचा थर कागदाइतका पातळ असतो. तो भेगेवर पूल बांधत नाही, फक्त तिला काळा रंग देतो, आणि पहिल्याच थंडीत ती पुन्हा उघडी पडते. अर्ध्या इंचापर्यंतच्या भेगांतील गवत मुळासकट उपटून, माती खरवडून, त्या कोरड्या झाल्यावर फिलर, म्हणजे भेगा भरण्याचा मसाला, ओतावा. भेग खोल असेल तर आधी तळाशी वाळू भरावी. फिलर वाळताना खाली बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एक फेरी मारतो आणि मगच सीलरचा विचार करतो. या कामाला माझा आख्खा शनिवार जातो, आणि अधीर मंडळी नेमका हाच शनिवार वाचवायला बघतात.

मगरीच्या पाठीसारखे भेगांचे जाळे दिसत असेल, तर खालचा खडीचा पाया खचलेला आहे असे समजावे. तेवढा भाग कापून पुन्हा भरून घ्यावा लागतो. तिथे सीलर ओतणे म्हणजे पैसे ओतणे.

आणखी काही

नवीन डांबराला घाईने सीलर लावू नये. मी तरी एक हिवाळा जाऊ देतो. दर वर्षी लावण्याची हौसही नको, कारण थरावर थर चढले की ते तडकून पापुद्रे सुटतात. खडीचे दाणे करडे दिसू लागले की वेळ झाली असे मी मानतो, आणि ती साधारण तीन वर्षांनी येते. ऑइलचे डाग साबणाने घासून त्यांवर प्रायमर लावावा, नाहीतर तिथे सीलर धरत नाही. बादलीच्या तळाशी बसलेली वाळू नीट ढवळून घ्यावी.

लेबल मात्र जरूर वाचावे. कोल टारचा (दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरासारख्या पदार्थाचा) सीलर जास्त टिकतो असे सांगणारे अजून भेटतात, परंतु अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासानुसार त्यात पीएएच या घातक संयुगांचे प्रमाण डांबराच्या सीलरपेक्षा सुमारे हजारपट असते. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ पासून आणि मिनेसोटा राज्याने २०१४ पासून त्यावर बंदी घातली आहे. ज्या ड्राइव्हवेवर मुले खडूने चित्रे काढतात, तिथे तो मी लावणार नाही.

"शेजारच्या कामातला माल उरलाय, अर्ध्या किमतीत करून देतो" असे म्हणत दारात ट्रक उभा करणाऱ्याला नम्रपणे परत पाठवावे. आमच्या गल्लीतील एका घरी अशा मंडळींनी रोख पैसे घेऊन जे काळे पाणी शिंपडले, ते पहिल्या पावसात गटारात गेले.

अर्धवट उरलेली बादली हिवाळ्यात गराजमध्ये ठेवू नये. सीलर एकदा गोठला, की वितळल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि कितीही ढवळले तरी तो पूर्ववत होत नाही. ८०० चौरस फुटांना एका हाताला दोन ते अडीच बादल्या लागतात, त्या हिशेबानेच खरेदी करावी आणि न उघडलेली बादली पावतीसह दुकानात परत द्यावी.