अपूर्णांकांपासून कलनापर्यंत: गणित स्वतःचे स्वतः कसे शिकावे

शाळा सुटून बरीच वर्षे झाल्यावर गणित पुन्हा शिकायचे ठरवणारे बहुतेक जण थेट कॅल्क्युलसचे, म्हणजे कलनाचे, पुस्तक उघडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात अडकतात. तिथे पाय अडखळतो तो सहसा कलनामुळे नव्हे, तर सातवी-आठवीत कच्च्या राहिलेल्या अपूर्णांकांमुळे आणि बीजगणितामुळे. म्हणून सर्वांत आधी आपला पाया कुठवर पक्का आहे ते पाहावे. कोरा कागद घ्यावा, कॅल्क्युलेटर दूर ठेवावा आणि चार गोष्टी कराव्यात: ३/४ मधून ५/६ वजा करावेत, (क्ष + ५)² चा विस्तार करावा, २ चा उणे तिसरा घात काढावा आणि ९ + १६ या बेरजेचे वर्गमूळ सांगावे. पहिले उत्तर उणे १/१२ आणि तिसरे १/८ यायला हवे. विस्तारात १०क्ष हे मधले पद राहून गेले असेल किंवा वर्गमूळ ५ ऐवजी ७ आले असेल, तर निःसंकोचपणे आठवीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी. असे मागे जाण्यात गेलेले आठवडे पुढे कित्येक पटींनी भरून निघतात.

पुस्तकांसाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. नववी आणि दहावीचे दोन्ही भाग, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, क्रमाने सोडवावेत. अर्थनियोजन आणि सांख्यिकी ही प्रकरणे पहिल्या फेरीत बाजूला ठेवली तरी चालतील, परंतु बहुपदी, वर्गसमीकरणे, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती यांतले एकही उदाहरण सोडू नये, कारण पुढचे सारे गणित यांवरच उभे आहे. एका वेळी एकच पुस्तक हाती धरावे.

वाचून समजले म्हणजे आले, हा स्वतः शिकणाऱ्याचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. सोडवलेले उदाहरण एकदा वाचावे, पुस्तक मिटावे आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून मांडावे. जिथे हात थांबेल, तिथे आपल्याला नेमके काय समजलेले नाही ते कळते. वर्गसमीकरणाची पूर्ण वर्ग पद्धत अशीच शिकावी. नवव्या शतकात बगदादमध्ये गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांनी क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण चक्क आकृती काढून सोडवले होते. क्ष बाजूचा चौरस काढा. १०क्ष क्षेत्रफळाची पट्टी उभी कापून ५ रुंदीच्या दोन पट्ट्या करा आणि त्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना जोडा. आता मोठा चौरस जवळजवळ पूर्ण होतो. फक्त कोपऱ्यात ५ × ५, म्हणजे २५ क्षेत्रफळाची जागा रिकामी राहते. ती भरली की क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४ होते, मोठ्या चौरसाची बाजू ८ येते आणि क्ष = ३ मिळतो. उणे १३ हे दुसरे उत्तर आकृतीत दिसत नाही, कारण लांबी ऋण नसते. ते बीजगणितातूनच काढावे लागते. ही आकृती स्वतःच्या हाताने काढल्यावर वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ करावे लागत नाही, ते केव्हाही नव्याने मांडता येते.

रोज पाऊण तास बसणे हे रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगले. उदाहरण सुटले नाही तर वीस मिनिटे स्वतः झुंजावे, मग उत्तराची फक्त पुढची एक ओळ पाहावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. चुकलेली उदाहरणे वेगळ्या वहीत उतरवून आठवड्याने पुन्हा सोडवावीत. माझ्या मते सगळ्या साधनांत ही वहीच सर्वांत मोलाची आहे. दहावीचा टप्पा संपला की मंडळाची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून दोन तासांत सोडवून पाहावी.

अकरावी-बारावीचे विज्ञान शाखेचे गणित इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून शिकलेल्यांना तिथे भाषेचा अडसर जाणवतो. त्यासाठी वहीच्या मागच्या पानांवर जोड्या लिहीत जावे: सहगुणक म्हणजे कोएफिशंट, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, परिमेय म्हणजे रॅशनल. आधी फंक्शन, लॉगरिदम आणि रेडियनमधली (रेडियन हे कोन मोजण्याचे एकक) त्रिकोणमिती पक्की करावी आणि मगच लिमिटकडे, म्हणजे एखादी किंमत कशाकडे सरकत जाते ते पाहण्याकडे, वळावे.

डेरिव्हेटिव्हची, म्हणजे आलेखाच्या एखाद्या बिंदूपाशी असलेल्या चढाची, पहिली ओळख नियमांतून नव्हे, आकड्यांतून करून घ्यावी. क्ष² चा आलेख क्ष = ३ पाशी किती चढा आहे? ३.१ चा वर्ग ९.६१, म्हणजे वाढ ०.६१, तिला ०.१ ने भागल्यास ६.१ येतात. ३.०१ घेतल्यास ६.०१ येतात आणि ३.००१ घेतल्यास ६.००१. उत्तर ६ कडे सरकत जाताना एकदा स्वतः पाहिले की २क्ष हा नियम कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

इथून पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणितासाठी एनपीटीईएल आणि स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचांवरची व्याख्याने मोफत उपलब्ध आहेत. कलनाबरोबर लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे रेषीय समीकरणांचे बीजगणित, हेही सुरू करावे. दहावीत दोन समीकरणे सोडवण्यासाठी क्रेमरच्या पद्धतीत वापरलेला निश्चयक (डिटर्मिनंट) तिथे क्षेत्रफळाच्या रूपाने पुन्हा भेटतो.