खराब अन्नाची तक्रार करताना हाताशी काय हवं

साताऱ्यात घेतलेल्या पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि बुडाशी हिरवट बुरशी दिसली, की एकतर तो कचऱ्यात जातो, नाहीतर आपण तणतणत दुकान गाठतो. दोन्ही करू नका. आधी बॉक्स आहे तसा टेबलावर ठेवून फोटो काढा. एक फोटो बुरशीचा आणि एक लेबलचा, अक्षरं वाचता येतील असा. उरलेले पेढे बॉक्ससकट स्वच्छ पिशवीत बांधून फ्रीजमध्ये वेगळे ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा, नाहीतर पोरं खातील.

सगळ्यात मोलाचा असतो तो बॅच नंबर. आपण उघडलेल्या बॉक्सवरून संशय घेता येतो, पण कारवाई सहसा उभी राहते ती अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने दुकानातून रीतसर घेतलेल्या नमुन्यावर. त्या नमुन्याचे चार भाग करून सील लावतात आणि एक भाग प्रयोगशाळेत जातो. म्हणून त्याच बॅचचा माल दुकानात असेपर्यंत तक्रार पोचायला हवी. दुधाच्या पिशवीवर बॅच आणि तारीख बऱ्याचदा कडेलाच छापलेली असते आणि ती कड आपण कापून फेकून देतो. तक्रार करायची असेल तर तो तुकडासुद्धा जपा. याच कारणासाठी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आधी टाकू नका. बोभाटा झाला की माल मागच्या दाराने निघून जातो.

बिल हवंच. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. बिल मिळालं नसेल तर यूपीआयचा मेसेज जपा आणि दुकानात लावलेल्या परवान्याचा फोटो घ्या. सुटी मिठाई असेल तर ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावली होती का, तेही लिहा. हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे.

खाऊन कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर आधी दवाखाना, तक्रार नंतर. केसपेपरवर काय खाल्लं आणि किती वाजता, हे डॉक्टरांना आठवणीने लिहायला सांगा. लग्नाच्या किंवा जत्रेच्या जेवणातून अनेकजण आजारी पडले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

मग अर्ज. साताऱ्यात घेतलेल्या वस्तूची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा कार्यालयात, सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे करा. पुण्या-मुंबईला घरी पोचल्यावर बॉक्स उघडला असला तरी दुकान साताऱ्याचं, त्यामुळे अर्जात दुकानाचा पूर्ण पत्ता द्या. मजकूर अर्ध्या पानाचा पुरे: काय घेतलं, कुठून, कधी, बॅच कोणती, काय दिसलं. ‘भेसळ आहे’ असं ठामपणे लिहू नका. डोळ्यांना दिसलं आणि नाकाला जाणवलं तेवढंच लिहा, बाकीचं प्रयोगशाळा ठरवेल. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या. जाणं जमत नसेल तर प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे, शिवाय एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅप आहे. कुठेही नोंदवा, तक्रार क्रमांक मात्र टिपून ठेवा.

नुसता संशय असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याचं कलम ४० उपयोगी पडतं. वस्तू घेतानाच ‘तपासणीसाठी घेतोय’ असं दुकानदाराला सांगून, शुल्क भरून ग्राहकाला ती अन्न विश्लेषकाकडून, म्हणजे नमुने तपासणाऱ्या अधिकृत तज्ज्ञाकडून, तपासून घेता येते. दोष सिद्ध झाला तर शुल्क परत मिळतं.

नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत विश्लेषकाने अहवाल द्यावा असं कायदा सांगतो. तेवढे दिवस गेले की कार्यालयात फोन करून विचारा. टोलवाटोलवी झाली तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज द्या: माझ्या तक्रारीवर नमुना घेतला का, कोणत्या तारखेला, आणि अहवाल काय आला?