डेलावेअरचा १ जून हुकला, तेव्हा

बँकेने कर्जासाठी 'गुड स्टँडिंग' सर्टिफिकेट (कंपनीची राज्यातली नोंदणी नीट चालू आहे, असा राज्याचा दाखला) मागितलं आणि माझी झोप उडाली. राहतो अमेरिकेत न्यू जर्सीत, पण एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली डेलावेअर राज्यात, कारण "सगळे तिथेच काढतात". हा सल्ला देणारे दोन राज्यांचा खर्च सांगत नाहीत. धंदा न्यू जर्सीतून चालतो, म्हणून इथेही नोंदणी आणि दरवर्षी रिपोर्ट आलाच.

तर झालं असं. डेलावेअरमध्ये एलएलसीला वार्षिक रिपोर्ट लागत नाही, एवढंच मी वाचलं होतं. म्हणजे काहीच भरायचं नाही, असा सोयीस्कर अर्थ काढला! रिपोर्ट नसला तरी कर असतोच. २०२३ चे ३०० डॉलर १ जून २०२४ पर्यंत भरायचे होते. रजिस्टर्ड एजंटची (कंपनीच्या वतीने तिथे सरकारी कागद स्वीकारणाऱ्याची) नोटीस आलीही होती. सरकारी थाटाच्या फसव्या पत्रांचा एवढा कंटाळा आला होता की तीही त्यांच्याच सोबत टोपलीत गेली.

नोव्हेंबरमध्ये राज्याच्या साइटवर फाइल नंबर टाकला. ३०० वर २०० दंड, आणि दोन्हींवर दरमहा दीड टक्का व्याज. म्हणजे महिन्याला साडेसात डॉलर. कार्डाने तिथेच भरले, पावती जपून ठेवली, मगच सर्टिफिकेटचा अर्ज केला; कर थकलेला असेपर्यंत ते मिळतच नाही.

आता एजंटकडे नवा ईमेल दिलाय, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर १ जूनभोवती बायकोने लाल गोल काढलाय.