मुक्त वादनाचा विद्यार्थी-गट कसा उभा करावा

बंदिश नाही, नोटेशन नाही, ठरलेला ताल नाही. चार-सहा जण एकत्र बसतात आणि जे घडवायचं ते त्याच क्षणी घडवतात. रागसंगीतातही कलाकार जागच्या जागी रचत असतो, पण रागाची चौकट त्याला सांभाळून घेते. मुक्त वादनात ही चौकट नसते. तिची जागा एकमेकांना ऐकण्याने भरून काढावी लागते. म्हणून गट बांधताना कुठलाही निर्णय घ्यायचा झाला तर एवढंच विचारा: यामुळे आपल्याला एकमेकांचं जास्त ऐकू येईल की कमी?

विद्यार्थ्यांनी हे पूर्वीही केलं आहे. 1960च्या सुमारास टोकियोतल्या कला विद्यापीठात शिकणाऱ्या ताकेहिसा कोसुगी, मिएको शिओमी आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रुप ओंगाकू’ उभा केला. नेहमीच्या वाद्यांच्या जोडीला व्हॅक्यूम क्लीनर, रेडिओ, तेलाचं पिंप, ताटल्या अशा वस्तूही त्यांनी वाजवल्या.

माणसं आणि खोली

सुरुवातीला चार ते सहा जण पुरेत. आठ-दहा झाले की हळू आवाजाचं वाद्य बुडतं आणि ते वाजवणारा हळूहळू येईनासा होतो. वादनाची परीक्षा घेऊन निवड करू नका. वर्षानुवर्षं शिकलेला व्हायोलिनवादक आणि कधीच काही न शिकलेला पण कान शाबूत असलेला मित्र, दोघेही हवेत. बोटांत बसलेल्या सवयी मोडणं शिकलेल्याला जड जातं, तर न शिकलेल्याला आवाजावर ताबा मिळवावा लागतो. दोघांपुढचं काम सारखंच अवघड आहे.

आठवड्याचा एक वार, एक वेळ आणि एक खोली पक्की करा. गोलात, एकमेकांचे हात दिसतील असे बसा.

आवाजाची साधनं

वाद्य आहे तेच घ्या, पण त्याच्याकडे नव्याने पाहा. 1965 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘एएमएम’ या गटात कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर वेगवेगळ्या वस्तू घासत आणि जोडीला रेडिओ लावत. गिटार आडवी ठेवली की सरावाच्या सुरावटी हाताला सापडतच नाहीत, हा त्यातला खरा फायदा.

कॉन्टॅक्ट माइक घरी करता येतो. पिझो डिस्कला (कंपनाचं विजेत रूपांतर करणारी पातळ चकती) दोन वायरी डाखून दुसऱ्या टोकाला गिटारच्या वायरीला असतो तसा साधा 6.35 मिमी जॅक लावा आणि डिस्क चिकटपट्टीने पत्र्यावर किंवा लाकडावर घट्ट बसवा. हा माइक हवेतला आवाज फारसा पकडत नाही, वस्तूतलं कंपन पकडतो. त्यामुळे साध्या पत्र्यावर नख ओढलं तरी अॅम्पमधून (आवाज मोठा करणारं यंत्र) भलामोठा नाद मिळतो.

ध्वनी-मिक्सरचं (अनेक आवाज एकत्र करणारं यंत्र) आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडूनही वाजवता येतं. जपानी वादक तोशिमारू नाकामुरा यांनी आपलं वादन त्यावर उभारलं आहे. मात्र हा आवाज क्षणात उसळतो. सुरुवातीला आवाज पूर्ण खाली ठेवा आणि हेडफोन लावून हा प्रयोग करू नका. 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. एकाच अॅम्पमुळे बाकीचे झाकले जात असतील, तर अॅम्पवाल्याने आवाज कमी करायचा. यावर वाद घालत बसू नये.

पहिल्या बैठका

आधी दोन मिनिटं कुणीच काही वाजवायचं नाही. पंखा, जिना, बाहेरची वर्दळ, जे कानावर येईल ते ऐकायचं.

मग ब्रिटिश ड्रमर जॉन स्टीव्हन्स यांचे दोन सराव घ्या. पहिल्यात प्रत्येकाने आपल्या वाद्यातून निघेल तितका छोटा आवाज काढायचा, टिचकीएवढा, आणि स्वतःच्या गतीने काढत राहायचं. थोड्या वेळाने सगळ्यांचे ठिपके मिळून एक विणकाम होतं, आणि आपला ठिपका त्यात कुठे पडतो ते कळू लागतं. दुसऱ्यात एका श्वासाएवढा लांब, शांत सूर धरायचा, श्वास घ्यायला थांबायचं, पुन्हा धरायचा. हे सराव सोपे वाटतात म्हणून पुष्कळ गट ते एकदाच करून सोडून देतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की निदान पहिले काही महिने प्रत्येक बैठक यांनीच सुरू करा.

त्यानंतर जोड्या पाडा. ब्रिटिश गिटारवादक डेरेक बेली 1977 पासून लंडनमध्ये ‘कंपनी वीक’ हा मुक्त वादनाचा महोत्सव भरवत. तिथे जमलेले वादक सतत नव्या जोड्यांत आणि छोट्या गटांत वाजवत. दोघांत लपायला जागा नसते. सात मिनिटांची वेळ लावा, उरलेल्यांनी ऐकावं.

हमखास येणाऱ्या अडचणी

सगळे सतत वाजवत राहतात. उपाय: वादनाच्या प्रत्येक तुकड्यात कोणीतरी एक जण पूर्ण गप्प बसेल, असा नियम करा. एकाने काही वाजवलं की दुसरा लगेच तेच वाजवतो. त्याला सांगा, ते ऐक, पण आपलं चालू ठेव. कुणी ठेका धरला की सगळे त्यामागे धावतात. ठेका वर्ज्य नाही, पण तो निवडलेला असावा, भीतीपोटी पकडलेला नसावा. शेवट जमत नाही ही तक्रार तर सर्वत्र आहे. बहुतेकदा शेवट येऊन गेलेला असतो आणि कुणीतरी घाईने शांतता भरून टाकलेली असते.

ध्वनिमुद्रण

प्रत्येक बैठक मुद्रित करा. मोबाइल गोलाच्या मध्यभागी ठेवला तरी चालतो. लगेच ऐकू नका, आठवडाभराने एकत्र बसून ऐका. वाजवताना रटाळ वाटलेला भाग तेव्हा अनेकदा सर्वांत चांगला निघतो. चर्चेत ‘कुणी छान वाजवलं’ हा विषय नको. ‘चौथ्या मिनिटाला काय बदललं’ असं नेमकं विचारा.

मैफल आणि पुढची पिढी

पहिली मैफल अर्ध्या तासाची, श्रोते भोवती बसलेले. आधी एक-दोन जोड्या, मग सगळे मिळून. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलंत तर श्रेय सर्वांचं समान असावं. हे आधीच लिहून ठेवा, नंतर त्यावरून मैत्री तुटते.

ब्रिटिश संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू, मायकल पार्सन्स आणि हॉवर्ड स्केम्प्टन यांनी 1969 साली लंडनमध्ये ‘स्क्रॅच ऑर्केस्ट्रा’ सुरू केला. शिकलेले आणि न शिकलेले दोघेही त्यात होते. मैफल आखायची पाळी तिथे उलट्या ज्येष्ठतेने, सर्वांत धाकट्यापासून सुरू होई. विद्यार्थी-गटाने ही पद्धत जशीच्या तशी उचलावी. शेवटच्या वर्षाचे लोक निघून जाणारच असतात. त्यांनी माइक, वायरी, ध्वनिमुद्रणं आणि खोलीच्या परवानगीचे कागद परीक्षा सुरू होण्याआधीच नव्या मुलांच्या हाती द्यावेत, आणि नव्या मुलांनी आखलेल्या मैफलीत स्वतः फक्त वाजवायला बसावं.