नाशिकमध्ये टू बीएचके भाड्याने घेताय? आधी पाणी बघा, मग हॉल

आधी नोकरीचं ठिकाण धरा, मग एरिया. सातपूर किंवा अंबडला कंपनी असेल तर सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर सोयीचं. मुंबईला रेल्वेने वरचेवर जाणं असेल तर जेलरोड, नाशिकरोड. कॉलेज रोडला निम्मं भाडं पत्त्याचं असतं. मुलांची शाळा तिकडे नसेल तर तो खर्च कशाला?

एजंट शक्यतो दुपारची वेळ देतो. तेव्हा पार्किंग रिकामं असतं, लिफ्ट मोकळी असते आणि वरच्या मजल्यावरची पोरं शाळेत असतात. त्यामुळे एकदा संध्याकाळी सातनंतर जा आणि घर आवडलंच तर पाणी यायच्या वेळेला पुन्हा जा. गंगापूर धरण उशाशी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. प्रत्येक बिल्डिंगचं गणित वेगळं असतं. वॉचमनला गाठून विचारा: महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे? मालकापेक्षा तो खरं सांगतो. बाथरूमच्या तोट्यांवर आणि शॉवरच्या जाळीवर पांढरा थर दिसला तर बोअरचं जड पाणी समजा. किचनला वेगळी लाइन आहे का, तेही नळ सोडून बघा.

नंतर ओल. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिमेकडून, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांखाली भिंतीवर हात फिरवा. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमचं कपाट उघडून वास घ्या. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी असेल तर कारण विचारा. घर गोदावरी किंवा नासर्डीच्या जवळ असेल तर २००८ आणि २०१९ च्या पुरात पार्किंगमध्ये कुठवर पाणी आलं होतं, हे जुन्या रहिवाशांना विचारून घ्या. खालच्या मजल्यावर राहणार असाल किंवा गाडी खाली लावणार असाल तर हे विचारायलाच हवं.

घर पसंत पडलं की टोकन देण्याआधी मालकी बघा. इंडेक्स टू (घराच्या खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), लाइट बिल आणि मालकाचं आधार कार्ड, तिन्हीवर नाव एकच हवं. लाइट बिलात थकबाकी दिसली तर ती मालकाने भरेपर्यंत पुढे सरकू नका.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरतात. मालक ‘नोटरी करून घेऊ, स्वस्तात होतं’ म्हणाला तर हे त्याला सांगा. शिवाय वाचतं ते फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर. भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल तर ११ महिन्यांचे सव्वाचारशेच्या आसपास. वर शहरात नोंदणी फी १,००० आणि एजंटची मजुरी. अंगठ्याचं मशीन घेऊन तो घरीच येतो. दोन साक्षीदार तयार ठेवा.

करार ११ महिन्यांचाच हवा असं नाही, जास्त मुदतीचाही होतो. पंचवटी किंवा तपोवनाकडे घर घेत असाल तर २०२७ च्या सिंहस्थ पर्वाच्या ऐन मध्यावर मुदत संपणार नाही अशी तारीख धरा. त्या गर्दीत टेम्पो मिळवून सामान हलवणं म्हणजे दिव्यच. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती, नोटीस किती महिन्यांची, भाडं किती टक्क्यांनी वाढणार, पार्किंग कुठलं आणि जाताना रंगाचे पैसे कापणार का, हे सगळं लिहून घ्या. ‘आपल्या घरातल्यासारखंच आहे हो’ असं म्हणणारे काका डिपॉझिट परत देताना हिशोबाची वही काढतात.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा आकार घेत असेल तर तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तो मालकाने भरायचा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं मालकाचं काम. पोचपावतीची प्रत मागून घ्या.

चावी घेण्याच्या दिवशी मालकासमोरच मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. पंखे, गीझर, दारांच्या कड्या, फरशीचे तडे यांचा व्हिडिओ करून त्याच संध्याकाळी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या.