भ्रूण दोन पेशींवरच अडकतो? ड्रॉप बनवतानाच्या या चुका टाळा

प्रयोगशाळेत भ्रूण वाढवतात ते मीडियमच्या, म्हणजे पोषक द्रवाच्या, ऑइलखाली झाकलेल्या छोट्या थेंबात, म्हणजे ड्रॉपमध्ये. तिथे उंदराचे भ्रूण दोन पेशींवर किंवा माणसाचे चार ते आठ पेशींवर थबकले, की संशय आधी बीजांड-शुक्राणूंवर जातो आणि मग मीडियमच्या बॅचवर. त्याआधी ऑस्मोमीटरवर, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांचे प्रमाण (ऑस्मोलॅलिटी) मिलिऑस्मोलमध्ये मोजणाऱ्या यंत्रावर, एक नमुना तपासा, पण बाटलीतला नको. तीन-चार ड्रॉप एकत्र करा, पिपेटमध्ये ऑइल येऊ देऊ नका आणि तेच मीडियम मोजा. बाटली बहुतेक वेळा ठीकच निघते. ड्रॉप बिघडतो तो टेबलावर, डिश बनवताना.

20 मायक्रोलिटरच्या ड्रॉपमधून 2 मायक्रोलिटर पाणी उडाले, की 270 मिलिऑस्मोलचे मीडियम 300 वर जाते. हवेचा झोत चालू, खाली 37 अंशांची गरम प्लेट, आणि आधी सगळ्या डिशमध्ये ड्रॉप घालून ऑइल शेवटी, एवढे जुळून आले की पाणी उडायला वेळ लागत नाही. त्यामुळे डिश साध्या तापमानाला, झोत बंद करून किंवा शक्य तितका कमी ठेवून बनवा. एका वेळी एक-दोनच डिश घ्या आणि ड्रॉप पडला की लगेच ऑइल घाला. 10 मायक्रोलिटरचे ड्रॉप टाळलेलेच बरे, लहान ड्रॉप लवकर आटतो. ड्रॉप लहानच हवा असेल, तर ऑइल घातल्यावर जुने मीडियम काढून त्याच जागी ताजे भरा. आटलेल्या ड्रॉपमध्ये अंदाजाने पाणी घालून आकडा जुळवणे मात्र कधीही नको.

तीस मिलिऑस्मोलने एवढे काय बिघडते? मीडियम दाट झाले की पेशीतले पाणी बाहेर जाते आणि ती आक्रसते. आकार परत मिळवण्यासाठी ती सोडियम आणि क्लोराइड आत घेते, पण हे क्षार आत साचले की एन्झाइमांचे काम बिघडते. उंदराचा कोवळा भ्रूण यातून वाट काढतो ती ग्लायसिन या अमिनो आम्लाने: ग्लिट-1 नावाच्या वाहकामार्फत तो ग्लायसिन आत साठवतो, आणि क्षार न वाढता पाणी टिकते. मीडियममध्ये ग्लायसिन, बीटेन किंवा ग्लुटामिन असेल तर 300 च्या आसपासही भ्रूण तग धरतो. नसेल तर दोन पेशींवर थांबतो. केसॉम हे उंदराच्या भ्रूणांसाठीचे मीडियम 250-260 मिलिऑस्मोलच्या घरात ठेवतात, ते याचमुळे.

ग्लुटामिनची एक खोड आहे. 37 अंशांना ते विघटित होऊन अमोनिया सोडते. पाच-सहा दिवस मीडियम बदलायचे नसेल, तर अॅलॅनिल-ग्लुटामिन (ग्लुटामिनचे टिकाऊ रूप) असलेलेच घ्या.

ग्लुकोजबाबतही गफलत होते. पहिल्या विभाजनांना भ्रूणाचे मुख्य इंधन पायरुवेट असते, ग्लुकोजचे काम पेशी घट्ट जुळल्यानंतर वाढते. म्हणून काही जण ते पूर्ण वगळतात, आणि मग ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे भ्रूण पोकळ गोळ्यासारखा होतो त्या, टप्प्यावर फटका बसतो. केसॉममध्ये ग्लुकोज आणि पायरुवेट दोन्ही 0.2 मिलिमोलर असतात, शून्य नव्हे.

कोरड्या इनक्यूबेटरमध्ये ऑइल असूनही पाणी हळूहळू उडते. 35 मिलिमीटरच्या डिशमध्ये साधारण 4 मिलिलिटर ऑइल घाला आणि भ्रूण न ठेवलेली एक डिश पाचव्या दिवशी मोजा. फरक 10 मिलिऑस्मोलच्या वर गेला, तर ऑइल वाढवा किंवा इनक्यूबेटरमध्ये ओलावा द्या.

ऑस्मोलॅलिटी ठीक आणि तरी भ्रूण थांबत असतील, तर पीएच बघा. समुद्रसपाटीला 6 टक्के कार्बन डायऑक्साइडवर चालणारी सेटिंग मुंबईहून पुण्याला जशीच्या तशी नेता येत नाही. सुमारे 560 मीटर उंचीवर हवेचा दाब साधारण 6 टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे मीडियममध्ये विरघळणारा वायू घटतो आणि पीएच वर सरकतो. तिथे कार्बन डायऑक्साइड 6.4 टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि अंतिम आकडा रात्रभर ठेवलेल्या मीडियमचा पीएच मोजूनच ठरवा. हेपेस (बाहेरच्या हवेत पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ) असलेले मीडियम मात्र या इनक्यूबेटरमध्ये ठेवू नका. त्याचा पीएच खाली घसरतो.