रोलप्लेमधल्या हेरशाळेला गृहपाठ कसा द्यावा

चार-सहा जणांनी मिळून गोष्ट लिहायची, प्रत्येकाने आपलं एक पात्र सांभाळायचं. हा खेळ एखाद्या प्रशिक्षण शाळेभोवती रचला की सुरुवातीला धमाल येते. मग उस्ताद फर्मान काढतो, "तलवारीचा सराव करा." सगळे शिष्य आपापल्या कोपऱ्यात सराव करतात, चार ओळी टाकतात आणि गोष्ट बसकण मारते, कारण हा गृहपाठ एकट्याने उरकण्यासारखा असतो.

आधी शाळा कुठली आणि केव्हाची ते ठरवा. आपण धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर एक काल्पनिक हेरशाळा घेऊ. साल 1600. अकबराच्या फौजेचा असीरगडला वेढा पडलाय, खानदेशचं फारुकी राज्य शेवटच्या घटका मोजतंय. जानेवारी 1601 मध्ये गड पडला हे आपल्याला ठाऊक आहे, पात्रांना नाही. कामापुरताच इतिहास घ्या. कुणी हौसेने भुसावळ जंक्शन घुसवलं तर मात्र प्रेमाने अडवा.

आता काम, एका ओळीत: लळिंगचा निरोप थाळनेरच्या किल्लेदाराला पोचवा. नकाशा काढा. थाळनेर तापीच्या पलीकडच्या काठावर, आणि महिना श्रावणाचा. म्हणजे नाव लागणार, नावाडी लागणार. नावाड्याचं पात्र तिसऱ्या खेळाडूला द्या. निरोप दोघांत फोडा, अर्धा एकाला तोंडपाठ, उरलेला दुसऱ्याला. दोघांचं आपसांत पटत नसेल तर उत्तमच.

यात एक पेच घाला. काठावर नावाडी अहिराणीत विचारतो, "कथा चालना भो?" म्हणजे, कुठे निघालास भाऊ? खरं सांगितलं तर गुपित फुटतं, खोटं सांगून नाव मिळवली तर उद्या तो बिचारा नाहक पकडला जाईल. काय करायचं ते उस्तादाने ठरवू नये. उत्तर आधीच मनात धरून बसलेला उस्ताद कितीही झोकात लिहो, खेळाची माती करतो.

सूचना उस्तादाच्याच तोंडी द्या:

"पोरांनो, परवा पहाटेच्या अजानीआधी नदी ओलांडलेली पाहिजे. कागद जवळ सापडला तर शाळेत परत येऊ नका. जोडीदार मागे राहिला तर का राहिला, ते मला दोघांकडून वेगवेगळं ऐकायचंय."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. एकाच प्रसंगाच्या दोन हकिगती येतात, त्या जुळत नाहीत, आणि पुढच्या भांडणाची सोय आपोआप होते.

खेळाबाहेरचे नियम वेगळे आणि साध्या भाषेत लिहा: मुदत किती, किमान किती ओळी, आणि दुसऱ्याचं पात्र त्याला न विचारता मारायचं किंवा जायबंदी करायचं नाही. मुदत आठवड्याची बरी. परीक्षा किंवा कापूस वेचणीचे दिवस असतील तर दुप्पट द्या.

तपासताना शुद्धलेखनाच्या वाटेला जाऊ नका. पात्राने काय निवडलं आणि त्याची किंमत मोजली का, एवढंच बघा. नापास झालेल्याला बाहेर काढू नका. निरोप हरवला असेल तर तो कुणाच्या हाती लागला, हाच पुढचा गृहपाठ. सुचत नसेल तर नावाडी लिहिणाऱ्याला विचारा. त्याच्या डोक्यात बहुधा काहीतरी शिजत असतंच.